गाळलेला झटका

दादाची खोली घराच्या मागच्या बाजूला आहे. पूर्वी तिथे कपडे वाळत घालायचो. आता तिथे एका मोडीत काढलेल्या गाडीची सीट आहे, तिच्यासमोर तीन पेडल, शिकंज्याने आवळलेलं स्टिअरिंग आणि एक रुंद स्क्रीन. हे सगळं धरून ठेवणारी लोखंडी चौकट बाबांनी वेल्डिंग करून दिली. बाबा कारखान्यात फिटर होते. चौकट झाल्यावर तिच्यावर उभे राहून दोनदा उड्या मारत ते म्हणाले होते, "घर पडेल, ही पडणार नाही."

दादा गोदामात खोकी मोजतो. सकाळी सहा ते दुपारी दोन. बाकीच्या वेळात एकच खेळ, त्यातली एकच गाडी, एकच ट्रॅक. शर्यतींच्या एका संघाने निवड ठेवली होती: सात आठवडे कुणीही आपापल्या घरून फेऱ्या मारायच्या, शेवटी ज्यांची वेळ सर्वांत कमी त्या पहिल्या वीस जणांना वर्षभराचं काम. वयाची अट सत्तावीस. दादाला सत्तावीस पूर्ण व्हायला दोन महिने उरले होते.

"यात नाही झालं तर खोकी," तो म्हणाला. "रिटायर होईपर्यंत खोकी."

मी पदार्थविज्ञानाची पदवीधर. पाण्याचे नमुने तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. दादा मला मोजपट्टी म्हणतो. हा खेळ सेकंदाला तीनशे साठ वेळा नोंद ठेवतो: पेडल किती दाबलं, स्टिअरिंग किती अंश वळलं, गाडी ट्रॅकच्या कितव्या मीटरवर होती. त्या नोंदी रोज माझ्याकडे यायच्या आणि मी त्यांचे आलेख काढायचे. ट्रॅक चार हजार दोनशे बारा मीटरांचा. दादाची वेळ एक मिनिट बत्तीस पूर्णांक आठ होती. पहिल्या विसांत यायला एक मिनिट साडेएकतीसच्या आत यायला हवं होतं.

पहिल्या चार आठवड्यांत आम्ही अर्धा सेकंद मिळवला. तो तिसऱ्या वळणाला ब्रेक लवकर सोडत होता. सातव्याला गिअर उगीच खाली आणत होता. मी आकडा दाखवायचे, तो शिव्या द्यायचा आणि दुसऱ्या दिवशी सुधारायचा. पाचव्या आठवड्यात आणखी अर्धा हाताशी आला. मग गाडी अडली. एक मिनिट एकतीस पूर्णांक सातच्या खाली वेळ जाईना.

उरलेली वेळ कुठे जाते हे शोधताना मला तो झटका दिसला.

प्रत्येक फेरीत एकदा स्टिअरिंग चार अंश डावीकडे जायचं आणि लगेच परत यायचं. पाव सेकंदाचं काम. पण त्याने गाडीची रेघ मोडायची आणि पुढच्या सरळ पट्ट्यात दोन-तीन दशांश जायचे. अंगावर काही आलं की माणूस चुकवतो, अगदी तसा आकार.

"इथे काय चुकवतोस?" मी विचारलं.

"कुठे?"

मी आलेख दाखवला. त्याने फेरी स्क्रीनवर पुन्हा चालवून पाहिली. रस्ता मोकळा होता. गाडी हलकेच डावीकडे सरकली, परत आली.

"हे मी केलेलंच नाही," तो म्हणाला.

मी आधी यंत्रावर संशय घेतला. केबल बदलली, स्टिअरिंग उघडून आतला सेन्सर पुसला. झटका तसाच. मग स्वतः सीटवर बसले. माझी फेरी दोन मिनिटांची झाली, दादा हसून लोळला. पण नोंदीत माझाही झटका होता. मला हातांना काहीही जाणवलं नव्हतं.

दोन गोष्टी आणखी कळल्या. झटका फक्त संध्याकाळी साडेपाच ते सव्वासहाच्या नोंदींमध्ये असायचा. दुपारी नाही, रात्री नाही. आणि त्याची जागा स्थिर नव्हती. दर फेरीला ती साधारण एकशे चार मीटर पुढे सरकायची. मी भागाकार केला. सेकंदाला एक मीटर आणि दहा सेंटीमीटर.

"म्हणजे किती?" दादाने विचारलं.

"चालण्याचा वेग. सावकाश चालण्याचा."

"ट्रॅकवर कुणी फिरायला येतंय की काय?" तो म्हणाला. "सांग त्याला, कडेने चाल म्हणावं."

आम्ही दोघंही हसलो. आकड्यांत माणसं शोधू नयेत हे मला पहिल्या वर्षापासून शिकवलेलं आहे. दोन घड्याळं किंचित वेगळ्या गतीने चालली की असे सरकते दोष निर्माण होतात. पण संध्याकाळीच का? मी वहीत 'इंटरनेटवरची गर्दी?' असं लिहिलं आणि पुढे गेले.

संध्याकाळ टाळता येत नव्हती. दुपारी दादाला झोप अनावर व्हायची, रात्री शेजारी भिंत ठोकायचे. शेवटी मी सोपा उपाय काढला. खेळाच्या सेटिंगमध्ये स्टिअरिंगसाठी एक गाळणी होती: ठरावीक मर्यादेपेक्षा लहान आणि झटपट हालचाल झाली तर ती गाडीपर्यंत पोचूच द्यायची नाही. ज्यांचे हात थरथरतात त्यांच्यासाठी केलेली सोय. मी झटक्याचा आकार मोजून मर्यादा बरोबर बसवली. नियमांत ती चालत होती.

शेवटच्या दिवशी सकाळी मी दादाला सांगितलं, "आधी नेहमीसारख्या फेऱ्या मार. ठीक सहा वाजता गाळणी लाव. म्हणजे मला तुलना करता येईल."

"तुलनेशिवाय तुझं पोट भरत नाही ना?"

"आणि फोन बंद करून कपाटात."

हा नियमही माझाच होता.

त्या संध्याकाळी आईचा गुडघा दुखत होता, म्हणून बाबांबरोबर फिरायला मी गेले. चार महिन्यांपूर्वी त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं होतं. डॉक्टरांनी रोज चाळीस मिनिटं चालायला सांगितलं होतं. घरापासून दहा मिनिटांवर शाळेचं मैदान आहे. त्याच्याभोवती तांबड्या मातीची वाट, आत गवत. रोज साडेपाचला आई त्यांना तिथे घेऊन जायची. निघताना ती म्हणाली, "त्यांच्या डाव्या बाजूने चालू नकोस. हल्ली मधेच बाजूला होतात, धक्का बसेल."

मी ऐकलं आणि सोडून दिलं.

हवा पडलेली होती. गोलरक्षकाच्या जाळीत दोन मुली चेंडू अडवायचा सराव करत होत्या. बाबा हात मागे बांधून चालत होते, पावलं सारखी. कारखान्यातल्या एका साहेबाची गोष्ट सांगत होते, जो स्क्रू उलटा पिळून मोडायचा आणि लोखंडाला नावं ठेवायचा. बोलता बोलता ते थांबले नाहीत, वळून पाहिलं नाही, फक्त डावीकडे गवतावर एक पाऊल टाकलं आणि परत वाटेवर आले. गोष्ट चालूच.

"काय झालं बाबा?"

"कुठे काय?"

थोड्या वेळाने पुन्हा तेच.

"बाबा, तुम्ही बाजूला का होता?"

"होतो का?" ते जरा ओशाळले. "बाजूने काहीतरी जातं गं. वारा लागतो असा. सायकलवाला असेल म्हणून पहिल्यांदा शिव्या दिल्या मी. तुझी आई म्हणाली, कुणाला देताय?"

मी घड्याळ लावलं. सवयीने, दुसरं काही मनात नव्हतं.

चौऱ्याण्णव सेकंद. पुन्हा चौऱ्याण्णव. मग पंच्याण्णव. मग चौऱ्याण्णव.

दादाची सरावातली फेरी साधारण ब्याण्णवची असते. पण ज्याला गाठायचं तो पुढे चालत असेल, तर गाडीला दर वेळी शंभर मीटर जास्त जावं लागतं. त्याला सव्वादोन-अडीच सेकंद लागतात. हा हिशेब मी उभ्या उभ्या केला आणि तो जुळला.

बाबांचं पाऊल मी मोजलं नाही. गरज नव्हती.

पाच वाजून त्रेपन्न मिनिटं झाली होती.

दादाला फोन लावला. बंद. आईला लावला, आई फोन स्वयंपाकघरात ठेवून पुढच्या खोलीत पडते. तीन वेळा लावला. घर दहा मिनिटांवर. पळाले तर सहा. पळाले तर बाबा एकटे.

"बाबा, बसू या."

"चाळीस झाली नाहीत. तुझ्या दादाने फेऱ्या मारल्या की कौतुक, आम्ही मारल्या की बसा."

"बाबा, ऐका ना. प्लीज."

माझा आवाज ऐकून ते बसले. बाकावर, वाटेपासून दोन हात आत. मी घड्याळ धरून उभी राहिले. बसलेल्या माणसाला गाठायला पूर्ण एक फेरी, तेवढंच. ब्याण्णव सेकंद.

ब्याण्णवाव्या सेकंदाला बाबा बाकावर डावीकडे सरकले.

"इथेही?" ते म्हणाले, आणि पहिल्यांदा घाबरलेले दिसले.

मी त्यांना उठवून मैदानाच्या मधोमध नेलं. चेंडूवाल्या मुली थांबून बघू लागल्या. ब्याण्णव सेकंदांनी तिथेही वारा लागला. त्यांची बाही हलताना मी पाहिली. माझी हलली नाही.

आईने फोन उचलला तेव्हा पाच एकोणसाठ झाले होते.

"दादाला उठव. सीटवरून उठव. आत्ता."

"अगं, दार लावून घेतलंय त्याने. कानांवर ते हेडफोन..."

"दार फोड."

आईचे दार ठोकण्याचे आवाज फोनमधून येत होते. सहा वाजले. सहा वाजून दहा सेकंद. बाबांनी माझा हात धरला.

"काय आहे ते?" त्यांनी विचारलं.

"काही नाही. माझ्यामागे उभे राहा."

ते उभे राहिले. मी मोजत होते.

शहाऐंशी. सत्त्याऐंशी.

फोनमधून आई हाका मारत होती.

एक्क्याण्णवाला बाबांचा उजवा खांदा मागे खेचला गेला. गर्दीत कुणी धडकून जावं, तितकाच. आवाज नाही. ते पडलेही नाहीत. माझ्याकडे बघत सावकाश गवतावर बसले आणि काहीतरी सांगायचा प्रयत्न करू लागले. तोंड उजवीकडून उघडत नव्हतं.

डॉक्टरांनी मेंदूतली गुठळी सांगितली. ऑपरेशननंतर असं होऊ शकतं. त्यावर मी वाद घातला नाही.

दादाची शेवटची फेरी एक मिनिट एकतीस पूर्णांक तीनशे अठ्ठ्याऐंशी सहस्रांश. तो विसांत नव्हे, पहिला आला.

त्या फेरीची नोंद मी चार दिवसांनी उघडली. स्टिअरिंगची रेघ स्वच्छ होती. गाळणीने काम केलं होतं. रस्त्याचे खड्डे हाताला जाणवावेत म्हणून खेळ स्टिअरिंगकडे जो जोर परत पाठवतो, त्याचा एक वेगळा रकाना असतो. तो मी कधी पाहिला नव्हता. दोन हजार तीनशे अठराव्या मीटरवर त्यात एक उंच टोक होतं, आणि त्यापुढे दोन मीटर साठ सेंटीमीटरवर दुसरं. त्या गाडीच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमध्ये तेवढंच अंतर आहे. दोन्ही टोकांवर अ‍ॅक्सिलरेटर शंभर टक्के दाबलेला होता.

मी दादाला सगळं दाखवलं. त्याने दोन्ही टोकांवर बोट ठेवलं. मग म्हणाला, "हाताला लागलं होतं मला. मला वाटलं, तुझी गाळणी."

संघाचं पत्र आलं. त्यातच लिहिलं होतं की पहिल्या क्रमांकाची फेरी पुढच्या हंगामासाठी सगळ्या खेळाडूंना दिली जाईल. कुणीही खेळ सुरू केला की दादाची गाडी अर्धपारदर्शक होऊन त्याच्यापुढे धावेल, म्हणजे तिचा पाठलाग करता येईल. ती किती वेळा धावली हा आकडा पानावर दिसतो. पहिल्या दिवशी सहाशे होता. आठवड्याने एकेचाळीस हजार.

बाबांना घरी आणलं त्या दिवसापासून त्यांच्या उजव्या खांद्याला झटके येतात. नर्स म्हणते, स्नायूंचं आहे, जाईल.

दादाने काम नाकारलं आणि फेरी काढून टाका असं कळवलं. उत्तर सभ्य होतं: नोंदलेली फेरी काढता येत नाही, तिच्यापेक्षा कमी वेळ कुणी दिली की ती आपोआप जाते. तेव्हापासून गोदामातून आला की तो सीटवर बसतो. स्वतःचीच वेळ मोडायला. एक सहस्रांश पुरे आहे. जगात दुसऱ्या कुणाची वेळ अजून त्याच्या पाच शतांश सेकंदाच्या आत आलेली नाही.

त्याची एक मिनिट एकतीस पूर्णांक सात येते. कधी पूर्णांक सहा. तीन दशांश कुठे जातात ते दोघांनाही माहीत आहे. झटक्याची जागा आता सरकत नाही. दोन हजार तीनशे अठरा मीटर आलं की तो डावीकडे घेतो. आता स्वतःच्या हाताने.

"गाळणी लावू?" काल त्याने मला विचारलं. स्क्रीनवरून नजर न काढता.

एक फेरी तिथून सरळ न्यायची, म्हणजे बाकीच्या सगळ्या थांबतील. किंवा त्या जागी ही नवी धावू लागेल. हिशेब मांडायला माझ्याकडे एकही आकडा नाही. त्याने पुढची फेरी सुरू केली आणि पुन्हा डावीकडे घेतलं.

आत आई बाबांच्या खांद्याखाली उशी सारखी करत होती. मला बघून तिने खुणेने जवळ बोलावलं. कितीतरी दिवसांनी तिचा चेहरा सैल झाला होता.

"बघ," ती हळूच म्हणाली, "झटके थांबले."

मी खांद्यावर तळवा ठेवला. थांबले नव्हते. इतके जवळ जवळ आले होते की हाताला एकच बारीक, अखंड थरथर लागत होती.