दाजींची खोटी नखं

ताईचा फोन आला तेव्हा मी कोर्टाच्या कँटीनमध्ये गार झालेला चहा पीत होतो.

"तुझ्या दाजींना धरलंय. वाघनखं विकताना."

वकिलाने बहिणीच्या नवऱ्याची केस घेऊ नये. फी मिळत नाही, वर जेवायला बोलावून टोमणे मारतात. तरी घेतली.

केस तशी सोपी होती. दाजींनी वाघ पाहिला असेल तो कॅलेंडरवर. म्हशीचं शिंग उकळायचं, कानशीने घासायचं, बुटाचं पॉलिश फासायचं, झालं वाघनख. नखं खोटी ठरली तर किरकोळ फसवणूक. खरी ठरली तर कित्येक वर्षं आत. थोडक्यात, दाजी अट्टल लबाड आहेत, एवढंच मला सिद्ध करायचं होतं.

"चारचौघांत लबाड म्हणणार मला?" दाजी कोठडीतून म्हणाले.

"म्हणणार. गप्प बसा."

प्रयोगशाळेचा अहवाल आला. नखं खरी. चाळीसच्या चाळीस, एकाच वाघिणीची.

मी तिथल्या मॅडमना गाठलं. "अहो, वाघिणीला नखं असतात अठरा."

"मलाही माहीत आहे," त्या डोळे चोळत म्हणाल्या. "परत परत तपासलं. आता रजा टाकणार आहे."

मग मी कोर्टाची परवानगी काढली. दाजींनी सगळ्यांसमोर नख बनवून दाखवायचं. शिंगाची भानगडच नको, म्हणून मी बाजारातून गुलाबी प्लास्टिकची साबणदाणी आणली.

प्रयोगशाळेत दोन पोलीस आणि मॅडम यांच्या देखत दाजी कानस घेऊन बसले. माणूस रंगातच आला. "हे वळण बघा साहेब, इथेच गिऱ्हाईक फसतं!" पोलीस कौतुकाने बघत होते. गुलाबी नख पाकिटात गेलं, सील लागलं.

पुढच्या आठवड्यात मॅडमनीच फोन केला. "तीच वाघीण."

"मॅडम, ती साबणदाणी होती!"

"हो." पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. "आधीच्या नखांना नव्हतं. ह्याच्या मुळाशी मांस आहे. ताजं."

दाजींना सांगितलं. ते हसले नाहीत.

"घासताना हाताला ऊब लागत होती," ते म्हणाले. "म्हटलं, घासण्यानेच असेल."

सुनावणीच्या दिवशी मुद्देमालाची पेटी उघडली. पाकिटं रिकामी. सगळ्यांचं सील शाबूत होतं. पाकिटं बाजूने फाटली होती, आणि फाटलेल्या कडा बाहेरच्या बाजूला वळल्या होत्या.

सरकारी वकिलाने उंदरांवर संशय घेतला. उंदरांतर्फे कोणी हजर नव्हतं. न्यायाधीशांनी पाकिटांकडे बराच वेळ पाहिलं, मग चष्मा काढून ठेवला. पुरावाच नाही. सुटका.

जिंकल्याचा आनंद व्हायला अंगात जीव लागतो. माझ्यात नव्हता. ताईला "आणतोय" एवढंच कळवलं.

बाहेर ऊन होतं. मी स्कूटर काढली, किल्ली फिरवली. मागची सीट दबली. चाक चांगलंच खाली बसलं, हँडल हातात हलकं झालं.

"दाजी, जरा पुढे सरका," मी म्हणालो.

दाजी समोर कोर्टाच्या पायरीवर उभे होते. एका पायात चप्पल, दुसरी हातात. माझ्या खांद्यामागे बघत होते.

मानेला ऊब लागली.