चंद्रभागेच्या नावाचा पास

"गाडीवान कुठं आहे?"

"समोर बगा की."

घटस्थापनेच्या सकाळी हरसूलच्या वाटेवरील जंगलनाक्यावर हा प्रश्न विचारताना नवा नाकेदार गोरक्ष किंचित गोंधळला. गाडीत देवीला निघालेल्या बायका दाटीवाटीने बसल्या होत्या, आणि पुढे कासरे धरून एक तरुणी. भुरभुर पावसाने तिच्या भुवयांवर थेंब साचले होते. ते पुसण्याची तिला घाई नव्हती.

"पुरुष गाडीवान म्हणतोय मी."

"दोन हायेत. जुवाखाली बगा."

बायका खळखळून हसल्या. गोरक्षच्या कानाच्या पाळ्या तापल्या. त्याने अडसराशेजारच्या फलकाकडे बोट दाखवले. राखीव जंगलात देवीच्या पायथ्याशी सरकारी गाडीतळ होता. तिथे पासाशिवाय गाडी उभी करता येत नसे. बैलांना मुसकी बांधलेली हवीत; कुऱ्हाड, चूल, तोडलेली फांदी यांना मनाई. आणि पास मिळे तो गाडी हाकणाऱ्या किंवा नाक्यावर स्वतः हजर असलेल्या घरच्या पुरुषाच्याच नावे.

"मुसकी बांधलीत. कुऱ्हाड नाय," ती म्हणाली. "ऱ्हायला पुरुष. तो माजा बाप, खंडेराव. आखाडात मांडी मोडून पडलाय. त्याला उचलून आणू?"

"नियम मी केलेला नाही. पण तो सगळ्यांना सारखा आहे."

"सारखा?" तिने त्याच्याकडे सरळ पाहिले. "बगू."

त्या दिवशी बायका पायी गेल्या. म्हाताऱ्या कुसाबाईला दोघींनी हातांवर धरून नेले. म्हातारीची पाठ वळणाआड जाईपर्यंत गोरक्ष पाहत राहिला, आणि त्याला आपल्या खाकी डगल्याची प्रथमच लाज वाटली.

पण गाडी हाकणारी ती तरुणी, चंद्रभागा, दुसऱ्या दिवशीही आली. तिसऱ्याही. गाडी नाक्याबाहेर सोडून ती दिवसभर अडसरासमोर ठाण मांडून बसे. विनवणी करत नसे. केवळ तिथे असे. दुपारी गोरक्ष बैलांसाठी पाण्याची बादली भरून ठेवी. ती बादली बैलांपुढे सरकवी आणि म्हणे, "हे कोणत्या नियमात बसतं, नाकेदार?"

"विचारलंत तर सापडणार नाही. विचारू नका."

ती ओठ मुडपून हसे... आणि गोरक्षचा तो दिवस चांगला जाई.

सहाव्या दिवशी मात्र ती हसली नाही. यात्रेचे भाडे बुडत होते. अष्टमीपर्यंत पास मिळाला नाही, तर बैल चांदवडच्या बाजारात नेऊन विकायचे, असे बापाने ठरवले होते. "बैल गेले की मी चुलीपुढं," ती म्हणाली. तिच्या मुठीत कासरा घट्ट आवळला गेला होता.

गोरक्षने आधी बैलांची बादली भरून ठेवली. मग चाचरत म्हणाला, "एक तोडगा आहे. तुम्ही लग्न केलंत, तर... नवऱ्याच्या नावे पास देता येईल."

"नवरा कुठून आणू? हरसूलच्या बाजारातून?"

"कदाचित — नाक्यावरही मिळेल."

पावसाची एक सर येऊन गेली. चंद्रभागेच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळले. तिने ते लगेच आवरले.

"मग गाडी कोण हाकणार? तुमी?"

"तुम्हीच."

"मग नाव तुमचं कशापायी?"

गोरक्षची नजर फलकाकडे गेली.

"पासासाठी नवरा करनारी नाय मी," ती हळू, पण ठामपणे म्हणाली. "आदी माज्या नावाचा पास. मग हे पुन्यांदा इचारा."

अष्टमीला धुरळ्याऐवजी चिखल उडवीत मोटार आली. आत जंगलखात्याचे मोठे साहेब होते, आणि चक्रापाशी त्यांच्या नाशिकच्या स्नेह्यांची पत्नी. मोटार ती स्वतः हाकत होती. नाक्यापुढे चंद्रभागेची गाडी नेहमीसारखी उभी होती; आज आत कुसाबाईही होती.

"गाडीतळाचा पास दे," साहेब गोरक्षला म्हणाले. "बाईसाहेबांच्या नावे लिही."

गोरक्षने लिहिले. आणि त्याच क्षणी चंद्रभागेने बैल वळवून गाडी अडसरापुढे आडवी घातली.

"हटव ती!" साहेब ओरडले.

"हटवते. त्या बाईला दिला तसा मला द्या पास."

सगळे गोरक्षकडे पाहू लागले. नोकरीला दोन वर्षेही झाली नव्हती. नाशिकला आई होती. तिच्या औषधपाण्याचा आधार ही नोकरीच होती. त्याने दौतीत टाक बुडवला.

"नाव?"

तिचा आवाज प्रथमच थरथरला. "ठाव नाय व्हय तुमाला?"

"सरकारी कामात विचारावं लागतं."

"चंद्रभागा. खंडेरावाची लेक."

"काय चाललंय हे?" साहेबांचा चेहरा लाल झाला. "मोटारीची गोष्ट वेगळी."

"ती कशी वेगळी, ते फलकावर लिहून द्या साहेब. मग मी तसं करीन."

मोटारीतल्या बाईंनी शांतपणे मोटार थोडी मागे घेतली. "बैलगाडी पुढं जाऊ द्या. आम्ही मागून येतो," त्या म्हणाल्या. पाहुण्यांसमोर साहेबांनी राग गिळला. दिलेला पास त्यांना परत मागता येईना. दातओठ खात ते गोरक्षला एवढेच म्हणाले, "दसऱ्याला सामान बांध. पेठच्या नाक्यावर जा."

कुसाबाई त्या दिवशी गाडीतून देवीच्या पायथ्याशी उतरली.

दसऱ्याच्या सकाळी ट्रंक आणि वळकटी घेऊन गोरक्ष रस्त्यावर उभा होता. घुंगरांचा आवाज करीत चंद्रभागेची गाडी येऊन थांबली. जुवाला मेणकापडात गुंडाळलेला पास बांधला होता.

"चढवा सामान. पेठ लांब हाय."

"बैल विकले नाहीत?"

"पास बगून आबानं बाजाराचं नाव टाकलं. पास कुणी दिला, ते मी सांगितलं. मग म्हनला, तूच त्याला पेठंला पोचव."

गोरक्ष तिच्याशेजारी बसला. गाडी चालू लागली. दोघेही पुढे पाहत होते.

"चंद्रभागा... मी —"

"पास लिवताना तर हात अडला नाय तुमचा."

तिने पदराच्या गाठीतून आपट्याचे एक पान काढून त्याच्या तळहातावर ठेवले. "आमच्या बांधावरचं हाय. जंगलातलं नाय."

त्याने मूठ मिटली. "माझ्याशी लग्न करशील?"

"करीन." तिने कासरे सैल सोडले, बैलांनी पाऊल उचलले. "नीट धरून बसा. पुडं उतार हाय."