मोठ्या चाकांची गाडी चढ का चढेना?

गाडी तीच, मोटर तीच, बॅटरी पूर्ण भरलेली. बदलली होती ती फक्त चाके. मग सपाटीवर कालच्यापेक्षा जोरात पळणारी गाडी चढावर मात्र कालच्याही आधी का अडून बसली, हे बारा वर्षांच्या कस्तुरीला काही केल्या कळेना.

ती सड्याच्या कडेला, दगड रचून केलेल्या गडग्यापाशी रिमोट धरून उभी होती. सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचे उघडे कातळ. पावसाळा सरता सरता त्यावर नखाएवढी जांभळी-पिवळी फुले येतात, आणि त्यांचे बी पडेपर्यंत कातळवाडीतले कोणीही सड्यावर पाऊल ठेवत नाही. गावाने स्वतःच घालून घेतलेल्या या पायबंदीला एकतीस वर्षे झाली होती. सड्याच्या मधल्या उंचवट्यावर वीज पडण्याची आगाऊ सूचना देणारा मनोरा होता. त्याची बॅटरी बदलायला दोन वितींची एक रिमोटची गाडी जायची. ती इतकी हलकी होती की तिच्याखाली वाकलेली फुले पुन्हा माना वर काढत. ही गाडी दरवर्षी शाळेतल्या एका मुलाकडे सोपवली जाई. यंदा ती कस्तुरीकडे आली होती.

काल चढावर दगडाच्या एका पायरीला गाडीचे पोट अडकले. तेव्हा कस्तुरीने दहा सेंटिमीटरची चाके काढून पंधरा सेंटिमीटरची बसवली. पोट उंच झाले, गाडी ऐटबाज दिसू लागली, आणि आज तिने त्या पायरीपर्यंतही मजल मारली नाही.

सरपंच भिकाजीकाका तिच्या शेजारी येऊन उभे राहिले. "बाय, मनोऱ्याची बॅटरी उद्या दुपारपर्यंतच पुरेल. वाऱ्यात ड्रोन टिकत नाही. खाली माणसं भात कापतायत, त्यांना विजेची खबर मिळायलाच हवी. उद्या बारापर्यंत गाडी पोचली नाही, तर आम्ही तिघं चालत जाऊ."

"आणि फुलं?"

काका सड्यावरच्या फुलांकडे पाहू लागले. ते रागावले असते तरी कस्तुरीला बरे वाटले असते. एकतीस वर्षांत न मोडलेली पायबंदी आपल्याच वर्षी मोडणार होती.

मोटर निवल्यावर तिने गाडी मागे घेतली आणि तडक इंदूआजीचे घर गाठले. इंदूआजी म्हणजे तिच्या बाबांची आत्या. चंद्रावर फिरणाऱ्या गाड्यांची चाके घडवण्यात त्यांची हयात गेली होती. आता त्या गावात राहत, आणि त्यांच्या दिमतीला टिपणीस नावाचा एक यंत्रमानव होता. तो प्रत्येक गोष्ट टिपून ठेवी, अगदी कोणी न विचारताही.

"मोटरचं तापमान एक्क्याण्णव अंशांवर गेलं होतं," टिपणीसने गाडीत डोकावून सांगितले. "नोंद केली."

"कर बाबा. पोरीचा जीव टांगणीला लागलाय आणि याला नोंदी सुचतायत," आजी म्हणाल्या. "कस्तुरी, ते लाटणं घे. एक टोक मुठीत धर आणि मनगटाच्या जोरावर दुसरं टोक वर उचल. मी त्या टोकावर बोट दाबून धरते."

कस्तुरीने मनगट वळवले. आजींचे बोट सहज वर गेले.

"आता आंबे काढायची ती लांब काठी घे. तसंच कर."

काठीच्या टोकावर आजींनी तेच एक बोट ठेवले. कस्तुरीने दात-ओठ खाल्ले, तरी टोक तसूभरही हलेना.

"माझं मनगट काही अशक्त नाही झालं," ती कुरकुरली.

"नाहीच झालं. मनगटाचा पीळ (म्हणजे फिरवण्याचा जोर) तेवढाच आहे. पण तो जितक्या लांबवर पोचवायचा, तितका टोकाशी कमी उरतो. आता मनगटाच्या जागी मोटर ठेव आणि काठीच्या जागी चाक."

कस्तुरीने चाकाच्या मध्यापासून कडेपर्यंत बोट फिरवले. "ही काठी. मी ती दीडपट लांब केली. म्हणजे जमिनीला रेटा देताना जोर कमी पडला. पण मग सपाटीवर ती जोरात कशी पळाली?"

"मोठं चाक एका फेऱ्यात जास्त वाट कापतं. सपाटीवर जोर फारसा लागत नाही, म्हणून नुसता वेगच दिसला. चढावर जोर लागला आणि पितळ उघडं पडलं. चाक फिरेना, पण मोटर वीज ओढतच राहिली. त्या विजेचं काम होईना, मग तिची उष्णता झाली."

"मग जुनी चाकं लावू? पण पोट पुन्हा अडकेल."

आजींनी गाडीचे झाकण उघडून मोटरच्या दांड्यावरचे छोटे दातेरी चाक दाखवले. ते साठ दात्यांच्या मोठ्या चक्राला फिरवत होते. कस्तुरीने दाते मोजले. अठरा.

तिने छोटे चाक बोटाने फिरवून मोठे किती फिरते ते पाहिले. मग हळूहळू म्हणाली, "इथे आणखी कमी दात्यांचं चाक लावलं, तर मोठं चक्र एकदा फिरवायला मोटरला जास्त फेरे घ्यावे लागतील. वेग जाईल, पण पीळ वाढेल."

"किती दाते?"

"चाक दीडपट झालं, तर दाते अठराचे बारा करायचे. म्हणजे रेटा होता तेवढा होईल."

"बरोबर," म्हणत आजींनी डब्यातून बारा दात्यांचे चाक काढले. पण कस्तुरीने हात पुढे केला नाही. ती गाडीचे नवे मोठे चाक तळहातावर तोलून पाहत होती.

"आजी, ही चाकं जडसुद्धा आहेत. बारानं जेमतेम भागेल. दहाचं द्या."

आजींनीही ते चाक उचलून पाहिले. "वजन माझ्या ध्यानातच आलं नाही," त्यांनी मोकळेपणाने कबूल केले.

"नोंद केली," टिपणीस म्हणाला.

दोघींनी मोटर किंचित पुढे सरकवून दाते एकमेकांत नीट बसवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहालाच गाडी सुटली. आता ती इतकी सावकाश चालली की गडग्यापाशी जमलेली माणसे चुळबुळू लागली. भिकाजीकाका आणि दोघेजण तयारीत उभे होते. वेग वाढवायची कस्तुरीला अनावर इच्छा होत होती, पण तिने अंगठा आवरला. रिमोटच्या पडद्यावर पायरी दिसली. पुढची चाके दगडाला टेकली, थांबल्यासारखी झाली आणि मग दगड कवटाळत वर चढली. पोट अलगद सुटले. मोटर अठ्ठावन्न अंशांवर होती.

बाराला नऊ मिनिटे असताना गाडी मनोऱ्याच्या पायथ्याच्या खाचेत शिरली. बॅटऱ्यांची आपोआप अदलाबदल झाली, आणि मनोऱ्याचा संदेश येऊन भिकाजीकाकांच्या खिशातला फोन वाजला. त्यांनी तो पाहिला, सड्याकडे पाठ फिरवली आणि बरोबरच्यांना म्हणाले, "चला, भात कापायला."

कस्तुरीला रडू फुटले, आणि ते तिने लपवलेही नाही.

आजी तिच्या शेजारी गडग्यावर टेकल्या. "चंद्रावर आमची एक गाडी तीन आठवडे एका चढाशी अडून बसलीय. तिच्यात दाते बदलायची सोय आहे, पण माझे शिष्य म्हणतात की पुढच्या गाडीला आणखी मोठी चाकं लावू. संध्याकाळी त्यांच्याशी बोलायचंय. येशील?"

कस्तुरीने डोळे पुसले. "येईन. पण आधी त्यांना एक लाटणं आणि एक काठी घेऊन बसायला सांगा."