स्विचमधला मळ

मृत्यू माणसाला निर्मळ करतो, असं थोर लोक सांगून गेले आहेत. त्यांच्यापैकी एकानेही माझ्या सासऱ्यांच्या गाडीचे स्विच उघडून पाहिले नव्हते.

सासरे जाऊन वर्ष झालं. मागे राहिल्या सासूबाई आणि गाडी. दोघींच्या वयात फारसा फरक नाही. गाडी जुन्या घडणीची, फुगीर मडगार्डची, डोळे वटारल्यासारख्या गोल दिव्यांची. दुपारचं जेवण झालं की सासूबाई गॅरेजमध्ये जात आणि ड्रायव्हरशेजारच्या सीटवर बसत, काचा वर करून, मांडीवर पर्स घेऊन. कुठे जायचं नसे. चहाच्या वेळी उतरून घरात येत, आणि प्रवासाने दमल्यासारखा चेहरा करत.

सोमवारी गाडीची सरकारी तपासणी होती आणि हेडलाइट लागत नव्हते. नापास झाली असती तर गाडी कायमची रस्त्याबाहेर गेली असती. माझ्या मेहुण्याने तर भंगारवाल्याला घर आधीच दाखवून ठेवलं होतं. त्याला गॅरेजमध्ये व्यायामाचं मशीन ठेवायचं होतं.

"भाऊजी, गाडी गेली की आई आपोआप घरात रमेल," तो म्हणाला.

"गाडी गेली की आईही जाईल," माझी बायको म्हणाली आणि तिने माझ्या हातात स्क्रूड्रायव्हर ठेवला.

मी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवतो. लग्न ठरवताना ही गोष्ट लपवायला हवी होती.

तसं काम काही अवघड नव्हतं. बॅटरीची तार सोडवायची. नॉबखालची बारीक खीळ टोचणीने दाबली की नॉब हातात येतो. मग गोल नट काढायचा, मागच्या तारांचा फोटो काढून ठेवायचा, नाहीतर हॉर्न दाबला की वायपर फिरतो. स्विचच्या पत्र्याच्या कडा उचकटल्या की आतली स्प्रिंग उडते आणि नेमकी गाडीखाली जाते. उरतात त्या तांब्याच्या पट्ट्या. त्यांच्यावरचं जुनं ग्रीस स्पिरिटने धुवायचं, पट्ट्या जुन्या टूथब्रशने घासायच्या, नव्या ग्रीसचा पातळ हात द्यायचा. झालं.

स्विच उघडला, तर आत ग्रीस नव्हतंच.

तपकिरी, पिवळट असं काहीतरी सुकून बसलं होतं. खरवडलं तशा मेणासारख्या खपल्या निघाल्या. त्यांत पांढरे केस रुतले होते, बहुतेक आखूड, वरचे एक-दोन लांब. वास ओळखीचा वाटला, पण कुठला ते आठवेना. मग आठवलं. आजाऱ्याच्या उशीला येतो तो.

शेजारच्या सीटवरून सासूबाईंनी डोकावून पाहिलं. "अहो जावईबापू, कानातला मळ आहे तो. ह्यांचा."

"कानातला?"

"काडीने काढायचे आणि स्विचला लावायचे. बाजारातलं ग्रीस उन्हात पातळ होतं म्हणायचे. हे होत नाही म्हणे."

"आणि तुम्ही काही बोलला नाहीत?"

"बोलले की! माझ्या मिक्सरला हात लावायचा नाही, म्हणून बजावलं होतं."

मी तोंडाने श्वास घेत सगळं धुऊन काढलं, टूथब्रश चिमटीत धरून कचऱ्यात टाकला. हात आधी साबणाने धुतले, मग भांड्यांच्या पावडरीने, मग पुन्हा साबणाने. स्विच ग्रीस लावून बसवला आणि नॉब ओढला. दिवे लागले नाहीत. तारा तपासल्या. करंट स्विचपर्यंत येत होता आणि तिथून, का कोण जाणे, माघारी फिरत होता. संध्याकाळी बायकोने ब्रेडला मध लावून पुढे केला. मी ताटावरून उठलो.

दुसऱ्या दिवशी सहज नॉब ओढला, तर दिवे लागले! मंद होते, पण लागले. नॉब मात्र बोटांना चिकटला.

स्विच पुन्हा उघडला. मी लावलेलं ग्रीस पुसून काढलेलं होतं. पट्टीवर मळाचा एवढासा कण होता. ताजा. टोचणीने उचलला तर त्याची पाकासारखी तार निघाली, आणि तारेत लालसर रेघ. त्यातला केस लांब होता, पांढरा.

सासूबाई कानात कापूस घालून बसल्या होत्या.

"आई, हे तुम्ही केलंत?"

त्यांनी संधिवाताने वाकडी झालेली बोटं माझ्यासमोर धरली. "ह्या हातांनी? मला साधं बरणीचं झाकण निघत नाही."

"मग कोणी केलं?"

"तुम्ही शिकलेले. तुम्हीच सांगा."

मी स्विच पुन्हा धुतला, ग्रीस लावलं, गॅरेजला कुलूप घातलं. दिवे पुन्हा मेले.

रविवारी दुपारी सोक्षमोक्ष लावायचं ठरवलं. धुतलेला स्विच तारा जोडून, उघडाच, डॅशबोर्डवर फडक्यावर ठेवला आणि ड्रायव्हरच्या सीटवर बसून त्याच्याकडे टक लावून पाहू लागलो. शेजारी सासूबाई, मांडीवर पर्स. काचा वर. गॅरेजच्या खिडकीतून ऊन येत होतं. सीटचं जुनं चामडं तापलं होतं.

बराच वेळ काहीच झालं नाही.

मग उशीचा वास आला.

माझ्या कानात काडी शिरली. सासूबाईंच्या बाजूच्या नव्हे, खिडकीकडच्या कानात. तिथे काचेपलीकडे फक्त भिंत होती.

काडी सावकाश आत गेली. कुठे टोचली नाही. हात सरावाचा होता. एका जागी थांबली, फिरली, खरवडू लागली. तो आवाज मला डोक्याच्या आतून ऐकू येत होता.

"हलू नका," सासूबाई समोर बघत म्हणाल्या. "हललं की त्यांना राग येतो."

काडी बाहेर निघाली.

फडक्यावरच्या स्विचमध्ये, पट्टीवर, तपकिरी ठिपका होता. त्यात एक केस. मुळाशी पांढरा, पुढे काळा. त्या घरात कलप लावणारा मी एकटाच.

"वर्षभर माझाच चालवला," सासूबाई म्हणाल्या. "आता माझे कान कोरडे पडले, जावईबापू. काही निघतच नाही."

मी स्पिरिटची बाटली उचलली. बूच काढलं.

सासूबाईंनी मांडीवरची पर्स सरळ केली. समोर भिंत होती, दोन हातांवर. त्या तिच्याकडे लांबचा रस्ता दिसत असल्यासारख्या बघत होत्या.

मी बूच लावलं. मग तो ठिपका बोटाने पट्टीभर पसरवला. कोमट होता.

कडा दाबून स्विच बंद केला, नॉब ओढला. भिंतीवर दोन गोल उजेड पडले, स्वच्छ, पांढरे.

सोमवारी तपासणीच्या अधिकाऱ्याने स्वतः आत बसून नॉब ओढला. पुन्हा ओढला. "इतका मऊ चालतो? नव्या गाड्यांचे चालत नाहीत." मग त्याने अंगठा बोटावर घासून पाहिला, नाकाशी नेला आणि हात पँटला पुसला.

"कुठलं ग्रीस वापरता?"

मी काही बोलणार एवढ्यात मागच्या सीटवरून सासूबाई म्हणाल्या, "घरचंच आहे."

गाडी पास झाली. पाच वर्षांसाठी.