पाइनच्या फांद्या

पहाटे उठून धावायला जायचं, ही इर्मेलीची जुनी खोड. जानेवारी असो, पारा उणे वीसवर असो, ती काळोखातच कपाळाला दिवा बांधून बाहेर पडायची. पूर्वी गोठलेलं तळं ओलांडून ती पलीकडच्या काठावर आईकडे जाई आणि कॉफी पिऊन परते. या हिवाळ्यात ते बंद होतं. पक्का बर्फ कुठे आहे ते तपासून पाइनच्या फांद्या रोवायचं काम तिचे वडील करायचे, आणि ते ऑक्टोबरात गेले. फांद्या नसतील तर बर्फावर पाऊल टाकायचं नाही, एवढं फिनलंडमधल्या त्या गावात शेंबड्या पोरालाही कळतं. आई मात्र पलीकडे एकटीच राहिली होती. इकडे ये म्हटलं की म्हणायची, "तुझ्या बाबांना विचारते." इर्मेलीला त्याचीच धास्ती होती.

त्या दिवशी रात्रभर बर्फ पडून थांबला होता. ती काठावर येते तो काय, फांद्या उभ्या! ओळीनं थेट अंधारात गेलेल्या.

शेजारचे कौको फावड्यानं अंगणातला बर्फ ओढत होते.

"काका, फांद्या तुम्ही लावल्यात?"

"मी? तुझ्या बाबांनी कधी कुणाला हात लावू दिलाय? नगरपालिकेनं माणूस पाठवला असेल." त्यांनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "अशा थंडीत कुत्रंसुद्धा बाहेर पडत नाही, बाई."

"तुम्ही आहात ना सोबतीला," म्हणत ती बर्फावर उतरली.

खरं सांगायचं तर तिला आनंदच झाला होता. रस्त्यावर धावून धावून जीव विटला होता. इथे बुटांखाली बर्फ करकरत होता, नुकत्याच तोडलेल्या पाइनचा वास येत होता. मध्येच बर्फ पोटातून कण्हायचा, पण जाड बर्फ कण्हतोच.

अर्ध्यावर ओळ डावीकडे वळली. बाबा तिथे नेहमी उजवीकडे वळायचे, कारण डावीकडे नदी तळ्याला मिळते आणि तिथलं पाणी कधीच पुरतं गोठत नाही. यंदा प्रवाह सरकला असेल, असं मनाशी म्हणून इर्मेली डावीकडे वळली. तिकडची माणसं स्वतःच्या डोळ्यांवर शंका घेतील, फांदीवर घेणार नाहीत.

मग दिव्याच्या उजेडात काळं पाणी हललं. शेवटची फांदी अगदी त्याच्या कडेला होती. इर्मेली जागच्या जागी थांबली.

पाण्यापलीकडे एक कंदील येत होता. तिकडूनही फांद्यांची ओळ होती, आणि रात्रीच्या झग्यावर बाबांचा कोट चढवून आई त्या ओळीनं सावकाश चालत येत होती.

"आई... थांब. पुढे पाणी आहे."

आई थांबली. "असं कसं? त्यांनी पार दारापासून वाट करून दिलीय."

"कोणी?"

"अगं, हे काय... तुझ्या मागेच तर उभे आहेत."

इर्मेलीनं मागे पाहिलं नाही. आईनं आणखी एक पाऊल उचललं.

"आई, मला फार थंडी वाजतेय गं," ती जमेल तितक्या साध्या आवाजात म्हणाली. "घरी जाऊन कॉफी ठेव ना. मी रस्त्यानं येते."

आई घुटमळली. एकदा इर्मेलीच्या खांद्यावरून पलीकडे पाहिलं, जणू परवानगी मागितली. मग वळली.

इर्मेलीनं त्याच दिवशी आईला गाडीत घातलं आणि आपल्या घरी आणलं. आईनं कुरकुर केली नाही. रात्री पोटभर जेवलीसुद्धा.

दुसऱ्या दिवशी पहाटे इर्मेलीनं दार उघडलं. पायरीला लागून एक फांदी रोवलेली होती. तिच्यापुढे दुसरी, मग तिसरी, तळ्याच्या दिशेनं. फांदी घट्ट बसावी म्हणून बुडाशी पाणी ओततात. त्या थंडीत ओतणारा घरात शिरेपर्यंत ते गोठतं.

पायरीजवळच्या फांदीभोवतीचं पाणी अजून हलत होतं.