एकट्याने घातलेलं गाऱ्हाणं

मोबाईल आधी खाली ठेवा. त्याचा उजेड तोंडावर पडला की माणूस ऐकतोय की दात काढतोय, ते मला कळत नाही. वीज येईल तेव्हा येईल. ही गोष्ट मी रंगवून सांगणार नाही, कारण ती चोपड्याच्या बाबलीची आहे आणि बाबली माझा पन्नास वर्षांचा दोस्त. दोस्त होता म्हणा. आज आम्ही समोरासमोर आलो तरी बोलत नाही.

त्या दिवशी बाबली अगदी साध्या कामाला निघाला होता. महाशिवरात्र रविवारी झाली, हा मंगळवार, अमावास्या. त्याच्या बायकोच्या, प्रभावतीच्या मोबाईलची काच फुटली होती. दर मंगळवारी रात्री मुलाचा फोन यायचा, म्हणून तिने संध्याकाळीच त्याला धारगळला पिटाळलं.

"हायवेवरच्या संतोषाकडे जावा. येताना पोदेराकडचे चार उंडे हाडा. आणि कोणाशी झगडू नकात," ती म्हणाली.

"मी खंय झगडतंय?" म्हणत बाबलीने स्कूटरला किक मारली. हा माणूस पाव घ्यायला गेला तरी पोदेराशी भांडून यायचा, हे अख्ख्या गावाला ठाऊक.

पण त्याच्या रागाला गाव मान द्यायचं, त्याला कारण होतं. गावचं गाऱ्हाणं बाबली घालायचा. पणजीत वाढलेल्यांसाठी सांगतो. आमच्या शिवेवर काजऱ्याच्या झाडाखाली राखणदाराचा दगड आहे. कोणी नवी गाडी घेवो, कोणी परदेशी जावो, आधी तिथे नारळ ठेवायचा आणि राखणदाराला सांगणं सांगायचं. पायात काही घालून उभं राहायचं नाही. एकजण बोलतो, आणि त्याच्या प्रत्येक वाक्यापाठी बाकीचे म्हणतात, "होय म्हाराजा!" होकार आल्याशिवाय गाऱ्हाणं पोचत नाही. म्हणून ते एकट्याने कधी घालत नाहीत.

बाबलीचा एकुलता एक मुलगा निहार. सात वर्षांचा असल्यापासून बापाच्या बाजूला दिवा धरून उभा राहायचा. सगळ्यात मोठा होकार त्याचा. पुढचा दात पडलेला, त्यामुळे "म्हाराऽऽजा" म्हणताना शेवटी बारीक शीळ वाजायची. आम्ही हसायचो आणि बाबली छाती फुगवून बघायचा. माझ्यानंतर गाऱ्हाणं हाच घालणार, असं त्याने कधीच ठरवून टाकलं होतं.

पोरगा मोठा झाला, मोरजीच्या एका हॉटेलात लागला. त्याचा जिवलग मित्र दत्तप्रसाद नशेला लागला आणि तेविसाव्या वर्षी काजूच्या बागेत मेलेला सापडला. हातात सुई तशीच. गावाने काय केलं? दार लावून घेतलं. मयताला आम्ही मोजून अकरा माणसं होतो. निहारने ते मनाला लावून घेतलं. तशा पोरांना सांभाळणारं एक नॉर्वेचं जोडपं किनाऱ्यावर होतं, तो त्यांच्याबरोबर जायला लागला. मग त्यांच्याच ओळखीने नॉर्वेला एका ख्रिस्ती शाळेत गेला. पहिले सहा महिने बायबल आणि इतर शिक्षण, मग टोळ्या करून कुठेतरी तरुण पोरांत काम करायला जायचं, असा तिथला अभ्यास. घरी मात्र त्याने सांगितलं फक्त "कोर्स". आईला सगळं ठाऊक होतं. बापाला सांगायची हिंमत कोणाची?

संतोषने काच बसवली, मोबाईल चालू करून बघितला. निहारचा व्हिडिओ आलेला होता, संतोषचं बोट त्यावर पडलं. पिवळे टीशर्ट घातलेली आठ-दहा गोरी पोरं, मध्ये निहार, पाठीमागे भिंतीवर मोठा क्रूस. निहार मराठीत बोलत होता, "आई, तयारी जोरात चालू आहे. आमची टोळी पेडण्यालाच येते. मीच मागून घेतलं. माझ्या गावच्या पोरांसाठीच मी हे शिकलो."

दुकानात पाच-सहा माणसं होती. कोणीतरी म्हणालं, "काय बाबल्या, आता गाऱ्हाणां कोण घालतलो? पाद्री?" आणि सगळे हसले.

बाबलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याने संतोषच्या हातातून मोबाईल हिसकावला, पैसे फळीवर आपटले. उंडे घ्यायचे राहिलेच.

तो घरी गेला नाही. चोपड्याच्या जुन्या फेरीबोटीच्या धक्क्यावर जाऊन बसला. रात्री नऊला खिशात मोबाईल वाजला. निहारचा फोन. वाजून वाजून बंद झाला. परत वाजला. बाबली नदीकडे बघत बसून राहिला. मुलगा बाटला की नाही, त्याचं त्याला पडलेलं नव्हतं, हे त्याने मला नंतर सांगितलं. चारचौघांत हसं झालं, हे त्याला जाळत होतं. मला सांगा, पोरगा मोठा की चार टवाळ माणसांचं हसणं? पण राग चढला की माणसाला मोजमाप राहत नाही.

अकरा चाळीसला तो शिवेवर आला. गावात दिवा नव्हता. त्याने वहाणा काढल्या, दगडासमोर उभा राहिला. त्याला रिवाज माहीत होता. होकार द्यायला कोणी नाही, म्हणजे हे पोचणार नाही. नुसती मनातली आग ओकायची आणि घरी जाऊन जेवायचं. एवढाच त्याचा हिशेब.

"बा देवा राखणदारा," तो मोठ्याने म्हणाला, "निहार म्हणान जो कोण आसा, तो आजपासून माझो न्हय."

"होय म्हाराऽऽजा."

बाबली थबकला. वटवाघूळ असेल. पलीकडच्या डोंगराला आवाज लागून परत आला असेल.

"कोण रे तो?"

कोणी नाही.

इथे थांबायला हवं होतं त्याने! शहाणा माणूस वहाणा हातात घेऊन पळाला असता. पण हा बाबली. कोणीतरी दुकानातला पाठोपाठ आला आणि झाडामागून टर उडवतोय, असं त्याला वाटलं. तो आणखी चिडला.

"तेचा नाव माझ्या घरात कोणी घेवचा नाय!"

"होय म्हाराऽऽजा."

या वेळी जवळून. आणि शेवटी बारीक शीळ. पडलेल्या दातातून येते तशी.

बाबलीने ओळखलं. मी पोरांनो शपथेवर सांगतो, त्याने ओळखलं. त्याने स्वतः माझ्याजवळ कबूल केलं. सात वर्षांच्या निहारचा आवाज. ओळखूनही तो तिसरं वाक्य बोलला, कारण ते दातांपर्यंत आलं होतं.

"तेका ह्या गावची वाट मेळू नये."

अगदी खांद्यापाशी, दिवा धरून पोर जिथे उभं राहायचं तिथून... "होय म्हाराऽऽजा."

मग सगळं चिडीचूप. रातकिडेसुद्धा.

बाबली गुडघ्यावर बसला. "चुकलंय, म्हाराजा. रागान बोललंय. सगळा परत घेतंय." आणि वाट बघत राहिला. परत घेतलेलं पोचायलाही होकार लागतो. त्याने दहादा म्हटलं. वीसदा म्हटलं. पहाटे पोदेराच्या सायकलीचा भोंपू ऐकू आला, तोपर्यंत तो तिथेच. होकार आला नाही.

घरी त्याने शिवेवरचं तोंडातून काढलं नाही. व्हिडिओ बघून तो चिडलाय, एवढंच प्रभावतीला आणि निहारला कळलं. दुपारी प्रभावतीने निहारला फोन लावला, तो सुखरूप होता, हसत होता. बाबलीला वाटलं, सुटलो. चार माणसं गोळा करून रीतसर गाऱ्हाणं मागे घ्यायचं त्याच्या मनात रोज यायचं. पण मग चार माणसांना सांगावं लागलं असतं की मी पोटच्या पोराच्या नावाने काय बोललो. परत हसं! महिना असाच घालवला त्याने.

टोळी यायच्या आठ दिवस आधी निहार एकटाच यायला निघाला. आईबरोबर पाडवा करायचा म्हणून. पाडव्याच्या आदल्या रात्री, बुधवारी, त्याचं विमान मोपाला उतरलं. पुन्हा अमावास्या. प्रभावतीने गूळ-खोबऱ्याच्या नेवऱ्या करून ठेवल्या. पाईपलाईनीसाठी शिवेपलीकडे रस्ता खणला होता. टॅक्सी तिथवर येणार, पुढे दहा मिनिटं चालत.

"तुमीच जावा तेका हाडूक," ती नवऱ्याला म्हणाली. "आणि पयलो शब्द गोड बोला."

बाबली अकरा वाजताच बॅटरी घेऊन शिवेवर उभा राहिला. खिशात नारळ. पोरगा दिसला की त्याला दगडासमोर न्यायचा, पोराच्या पायाशी बसून सगळं सांगायचं, असं ठरवून आला होता. सव्वा अकराला लांब गाडीचे दिवे आले. थांबले. मागे फिरले. आता दहा मिनिटं...

वीस झाली.

अकरा चाळीसला त्याचा मोबाईल वाजला.

"बाबा."

बऱ्याच महिन्यांनी त्याला थेट आलेली हाक. "खंय आसंस रे?"

"बाबा, अजून राग गेलो नाय तुमचो?"

"खंय आसंस ता सांग!"

"तुमच्या फुड्यात उभो आसंय. पाच मिनटां हाका मारतंय. तुमी बघूकच नाय."

बाबलीने बॅटरी फिरवली. रिकामा रस्ता. खणलेली लाल माती. काजऱ्याचं झाड.

"मस्करी करू नको, निहार."

"बॅटरी माझ्या तोंडार मारतास, बाबा. दिपता माका. खाली धरा."

बाबलीने बॅटरी खाली केली.

"हां... आता बरां. पण बाबा, मी चलतंय आणि तुमी थंयच. लागी येयनास. कितको चललंय मी..."

तेव्हा बाबलीने सांगितलं. सगळं. दुकान, हसणं, तिन्ही वाक्यं, ती शीळ. सांगताना तो लहान पोरासारखा रडत होता.



मग निहार बोलला, आणि बाबली म्हणाला, एवढा राग त्याने स्वतःच्या तोंडी सुद्धा कधी ऐकला नव्हता.

"मी थंय दर रात्री तुमचा नाव घेवन प्रार्थना करतंय. दर रात्री! आणि तुमी हंय माझी वाट बंद केलास? माणसां हसली म्हणान?"

"बाबू... मी परत घेतंय. पण होकार दिलो तुझ्या आवाजान. परत तुकाच देवचो लागतलो. म्हण रे. एकदा म्हण. तुझ्या देवाक राग येयत तर माझ्यार येवंदे."

 

"थांबा," निहार म्हणाला. आवाज निवला होता. "बूट काढतंय."

फोनमध्ये नाडी सुटल्याचा आवाज बाबलीने ऐकला. एक बूट. दुसरा. त्याने डोळे मिटले.

"बा देवा राखणदारा, निहार माझो. तेका घरची वाट मेळूदे."

"होय म्हा..."

फोन बंद.

बाबलीने डोळे उघडले. रस्ता रिकामा. त्याने लावला, परत लावला. लागला नाही... आजतागायत लागलेला नाही.

पोलिसांनी सगळं तपासलं. विमानतळाच्या कॅमेऱ्यात तो बाहेर पडताना दिसतो. टॅक्सीवाला सांगतो, खणलेल्या रस्त्यापाशी सोडला, पैसे दिले, हात केला. पुढे काही नाही. नॉर्वेची पोरं ठरल्या दिवशी आली, आठवडाभर आमच्या पोरांबरोबर रानं धुंडाळत फिरली.

पाडव्याला उजाडल्यावर दगडापलीकडे, शिवेच्या बाहेर, बुटांची जोडी मिळाली. नीट शेजारी शेजारी ठेवलेली, टोकं गावाकडे. प्रभावतीने ओळखले. दोन महिन्यांपूर्वी घेतल्याचा फोटो पोराने तिला पाठवला होता, नवे कोरे. हातात घेतले तर दोन्ही तळ झिजून आरपार भोकं पडलेली.

बाबलीने तिथेच तिला आणि मला सगळं सांगितलं. तेव्हापासून ती नवऱ्याशी एक शब्द बोललेली नाही. तोही गाऱ्हाणं घालत नाही, धक्क्यावर बसतो. आणि मी त्याच्याशी का बोलत नाही? त्याच्यावर राग आहे म्हणून, असं मी लोकांना सांगतो. खरं सांगू? दुकानात पाद्रीचं ते बोललो, तो मी होतो.

मे महिन्याच्या अमावास्येला प्रभावतीने पेडण्याच्या बाजारातून नवे बूट आणले, निहारच्या मापाचे. रात्री शिवेबाहेर ठेवले, टोकं गावाकडे करून. मी लांबून बघत होतो. सकाळी तिच्या आधी मी तिथे पोचलो. बूट होते तसेच, जागचे हललेले नव्हते.

मी एक उचलून उलटा केला. तळ झिजला होता. बूट आतून अजून गरम होता.