आधी आत, मग फुली

गोष्ट दिवसाढवळ्याची आहे, दुपारी चार वाजताची. लख्ख ऊन पडलेलं, मैदानावर नव्या मुलामुलींचा गलका. कुणाला ग्रंथालय सापडत नव्हतं, कुणाला स्वतःचा वर्ग. विद्यापीठाचा पहिला आठवडा असाच जातो. अशा उजेडात कुणी भलतंसलतं सांगायला लागलं, तर आपण त्याला वेड्यात काढू. ताईनेही काढलं असतं.

तिला सगळे ताईच म्हणत. ती तिसऱ्या वर्षाला होती आणि मुलींच्या हॉस्टेलच्या तिसऱ्या मजल्याची मजलाप्रमुख. मजल्यावर अठरा खोल्या, प्रत्येकीत एक नवी मुलगी. अगदी शेवटच्या, अठराव्या खोलीत तिची मावसबहीण होती. घरी तिला बबडी म्हणत, आणि ते नाव इथे कुणासमोर काढायचं नाही, असं तिने ताईकडून कबूल करून घेतलं होतं. मावशी निघताना एवढंच म्हणाली होती, "तुझ्या जिवावर ठेवून चाललेय गं. भित्री आहे ती." ते वाक्य ताईच्या मानगुटीवर बसलं ते बसलंच.

त्या दुपारी आग लागल्यावर बाहेर कसं पडायचं, याचा सराव होता. सकाळी रेक्टरबाईंनी सगळ्या मजलाप्रमुखांच्या हातात एकेक नवा खडू ठेवला.

"दार तीनदा वाजवायचं, उघडायचं, आत जायचं. पलंगाखाली, कपाटामागे बघायचं. 'कोणी नाही' असं मोठ्याने म्हणायचं. मग दार लावून बाहेरून फुली मारायची. फुलीचं दार पुन्हा कोणी उघडत नाही, आग विझवणारेसुद्धा नाही. आणि जिने फुली मारली, तिनेच ती पुसायची. लक्षात ठेवा, आधी आत, मग फुली."

"एवढं कशाला, बाई?" एकीने विचारलं.

रेक्टरबाई म्हणाल्या, "तिसऱ्या मजल्यावर एकदा उलटं झालं होतं. आग खरी होती. मजलाप्रमुख मुलीने घाईघाईत एका दारावर आत न बघताच फुली ओढली. खाली आल्यावर एक मुलगी कमी भरली, तेव्हा तिच्या लक्षात आलं. धावत वर गेली ती..." बाईंनी चष्मा पुसायला घेतला. "दोघीही आल्या नाहीत."

ताईने लगेच बबडीला गाठलं. "भोंगा वाजला की जिन्यात नुसती ढकलाढकली होते. तू खोलीतच थांब. मी दार वाजवून तुला घेऊन जाईन. मी येईपर्यंत हलायचं नाही, कळलं?" बबडीने शहाण्या मुलीसारखी मान हलवली. मायेपोटीच सांगितलं होतं तिने. पण नको ते सांगून बसली.

चारला भोंगा वाजला. मुली हसत-खिदळत जिना उतरल्या आणि मजला रिकामा झाला. ताईने पहिल्या खोलीपासून सुरुवात केली. दार वाजव, आत जा, वाक, बघ, "कोणी नाही," फुली. बारा खोल्या सरळ रांगेत होत्या, उरलेल्या सहा वळणापलीकडे. सातवी-आठवी होईपर्यंत तिला घाम फुटला होता. चार मिनिटांत खाली पोचायचं होतं आणि अडीच केव्हाच होऊन गेली होती.

दहाव्या खोलीत पलंगाखाली वाकलेली असताना तिला ऐकू आलं. टक, टक, टक. वळणापलीकडून.

मग दाराची करकर. मग कुणाचा तरी दबका आवाज, "कोणी नाही."

"कोण आहे तिकडे?" ताईने विचारलं. पुन्हा टक, टक, टक, जरा लांबून. खालच्या मजल्यावरची कुणीतरी मदतीला आली असेल, असं तिला वाटलं आणि खरं सांगायचं तर हायसंच वाटलं. उरलेल्या दोन खोल्या उरकून ती वळण ओलांडून गेली.

तिथे कोणी नव्हतं. सहाच्या सहा दारांवर फुल्या होत्या. घाईतल्या हाताच्या, एक पाय लांब ओढलेल्या. शेवटच्या फुलीखाली खडूची भुकटी अजून खाली गळत होती. हवेत काहीतरी करपल्यासारखा वास होता.

अठराव्या दारासमोर ताई उभी राहिली. हात कडीकडे गेलासुद्धा. पण फुली होती, म्हणजे कुणीतरी आत जाऊन बघितलं होतं, म्हणजे बबडीला घेऊनच गेली असणार. खालून शिट्टी वाजली. ताई वळली आणि धावत सुटली.

मैदानात पोचल्यावर तिला दोन गोष्टी एकदमच उमगल्या. रांगेत बबडी नव्हती. आणि वळणापलीकडे जिनाच नाही, तिथून येणाऱ्याला तिच्यासमोरूनच यावं लागलं असतं.

ती कशी वर गेली, हे तिला पुढे कधीच सांगता आलं नाही. दार उघडलं तर बबडी पलंगावर बसलेली, गुडघे पोटाशी घेऊन.

"बबडे..."

"तू म्हणालीस म्हणून हलले नाही," बबडी म्हणाली. तिचे ओठ पांढरे पडले होते. "दार वाजलं. मला वाटलं तूच. दुसरीच कोणीतरी होती. तिने पलंगाखाली पाहिलं, कपाटामागे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं... एवढ्या जवळून. मी म्हटलं, मी आहे ना इथे. तिने माझ्या पाठीवर हात ठेवला... आणि म्हणाली, कोणी नाही."

ताईने तिचा हात धरला आणि तिला ओढतच खाली आणलं. रांगेच्या टोकाला तिला उभं केलं, तेव्हा कुठे ताईचा जीव भांड्यात पडला.

"सापडली, बाई," ती म्हणाली.

रेक्टरबाई रांगेपुढून चालू लागल्या, प्रत्येकीच्या खांद्याला हात लावत. "पंधरा, सोळा, सतरा." बबडीपाशी आल्या आणि तिच्यावरून नजर फिरवून मागे बघू लागल्या. "सतराच? अगं, अठराव्या खोलीतली कुठे आहे? तू तर सापडली म्हणालीस."

"हजर," बबडी म्हणाली. नीट, मोठ्याने म्हणाली. शेजारच्या मुलीने मानसुद्धा वळवली नाही.

ताईने बबडीची पाठ आपल्याकडे केली. निळ्या शर्टावर, दोन्ही खांद्यांच्या मधोमध, खडूची फुली होती. एक पाय लांब ओढलेली. ताईने रुमालाने पुसली, तळव्याने चोळली, थुंकी लावून चोळली. रुमाल पांढरा होत गेला, फुली तशीच राहिली. मागे रेक्टरबाई कापऱ्या आवाजात कुणाला तरी वर पाठवत होत्या, अठरावी खोली पुन्हा बघा म्हणून.

"ताई," बबडीने हळूच विचारलं, "तुला दिसतेय ना गं मी?"

"दिसतेस," ताई म्हणाली. खोटं नव्हतं ते. पण डोळ्यांत उन्हाने पाणी भरलं होतं, झोंबत होतं, आणि तरीही पापणी मिटायची तिची हिंमत होत नव्हती.